बालगृहांवर देखरेख कोणाची? बाल न्याय यंत्रणेच्या पुनर्रचनेचा आढावा

निराधार, परित्यक्त आणि कायद्याशी संघर्ष झालेल्या बालकांसाठी असलेल्या संस्थांवर देखरेख ठेवण्याची प्रमुख जबाबदारी १ सप्टेंबर २०२२ पासून देशभरातील जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांकडे, सोपविण्यात आली आहे. संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) सुधारणा अधिनियमान्वये हा बदल झाला. बाल कल्याण समित्यांच्या कामाचा आढावा, संस्थांच्या नोंदणीसाठी शिफारस, त्यांची तपासणी आणि दत्तकविधानाचे आदेश अशी पूर्वी निरनिराळ्या यंत्रणांकडे विभागलेली कामे आता एकाच अधिकाऱ्याच्या अखत्यारीत आली आहेत.

वरकरणी हा प्रशासकीय फेरबदल वाटत असला, तरी त्यामागे बिहारमधील एका बालिकागृहात घडलेल्या अत्याचारांची पार्श्वभूमी आहे. मुलांच्या संस्थांची तपासणी व्हावी, अशी तरतूद कायद्यात पूर्वीपासूनच होती. तपासणी होत असूनही काहीच उघडकीस का येत नाही, हा प्रश्न २०१८ मध्ये देशासमोर उभा राहिला.

तुरुंग खात्यापासून महिला व बाल विकासापर्यंत

गुन्हा केलेले मूल आणि बेघर मूल यांच्यात राज्यसंस्थेने दीर्घकाळ फारसा भेद केला नाही. १८५० चा शिकाऊ उमेदवार कायदा आणि १८९७ चा सुधारगृह शाळा कायदा हे ब्रिटिश अमदानीतील आरंभीचे कायदे होत. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने सुरू झालेली सुधारगृह शाळा १८५७ ची आहे. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवण्याची शिफारस केल्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांनी स्वतंत्र बाल अधिनियम केले. मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना १९२७ मध्ये झाली. डोंगरीच्या संस्थेला लोक आजही ‘रिमांड होम’ म्हणतात. कायद्याने मात्र हा शब्द केव्हाच वगळला असून त्याऐवजी ‘निरीक्षणगृह’ हा शब्द स्वीकारला आहे.

स्वातंत्र्यानंतर केंद्रशासित प्रदेशांसाठी १९६० मध्ये बाल अधिनियम संमत झाला. बाल न्यायालय आणि बाल कल्याण मंडळ या दोन स्वतंत्र यंत्रणा त्याच कायद्याने प्रथम निर्माण केल्या. राज्यांमध्ये मात्र वेगवेगळे कायदे होते आणि काही राज्यांत कायदा असूनही त्याची अंमलबजावणी नव्हती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी देशभरातील तुरुंगांत असलेल्या सोळा वर्षांखालील मुलांची माहिती मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल केली. त्यावर १९८६ मध्ये न्यायालयाने, जिल्हा न्यायाधीशांनी दंडाधिकारी नेमून जिल्हा तुरुंग व दुय्यम तुरुंगांना भेटी देण्याची व्यवस्था करावी आणि तेथे किती मुले आहेत याची खातरजमा करावी, असे निर्देश दिले. संपूर्ण देशासाठी एकच कायदा असावा, असेही न्यायालयाने सुचविले. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय अधिनियम संमत केला. त्यात मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा वर्षे अशी वयोमर्यादा होती.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारनाम्यास भारताने डिसेंबर १९९२ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर आलेल्या २००० च्या अधिनियमाने मुलगा व मुलगी दोघांसाठीही अठरा वर्षांची मर्यादा निश्चित केली. कायद्याशी संघर्ष झालेल्या बालकांसाठी बाल न्याय मंडळ आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांसाठी बाल कल्याण समिती, अशी आजची रचना याच कायद्याची देणगी आहे. प्रत्येक जिल्ह्यात मंडळ व समिती एका वर्षाच्या आत स्थापन करण्याचे बंधन २००६ च्या दुरुस्तीने घातले. त्याच वर्षी केंद्रात महिला व बाल विकास हे स्वतंत्र मंत्रालय अस्तित्वात आले आणि तोवर सामाजिक न्याय मंत्रालयाकडे असलेला बाल न्यायाचा विषय या नव्या मंत्रालयाकडे वर्ग झाला. महाराष्ट्राने १९९३ मध्येच महिला व बाल विकासासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला होता.

केंद्र पुरस्कृत एकात्मिक बाल संरक्षण योजना २००९-१० पासून सुरू झाली आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष उभा राहू लागला. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोग २००७ पासून कार्यरत होता. कागदावर पाहता रचना परिपूर्ण होती. मंडळाच्या अध्यक्षस्थानी न्यायदंडाधिकारी, समितीत अध्यक्षांसह पाच सदस्य, जिल्ह्यात कक्ष, राज्यात संचालनालय किंवा आयुक्तालय आणि या सर्वांवर आयोग. पैसा केंद्राचा व राज्याचा, संस्था मात्र बहुतांशी स्वयंसेवी. एखाद्या बालगृहात मुलाला मारहाण झाली तर उत्तर कोणी द्यायचे, याविषयी मात्र प्रत्येक यंत्रणेला दुसऱ्या यंत्रणेकडे बोट दाखविणे शक्य होते.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर सार्वजनिक चर्चा वेगळ्याच दिशेने वळली. २०१५ च्या अधिनियमाची चर्चा मुख्यत्वे सोळा ते अठरा वयोगटातील मुलांवर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालवावा काय, या एकाच मुद्द्याभोवती फिरत राहिली. हा अधिनियम १५ जानेवारी २०१६ रोजी अंमलात आला. मुलांच्या सर्व संस्थांची नोंदणी बंधनकारक करणाऱ्या आणि नोंदणी न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंडाची तरतूद करणाऱ्या कलमांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. मुलांच्या दैनंदिन आयुष्याशी अधिक निकटचा संबंध याच कलमांचा होता.

मुजफ्फरपूर

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या प्रकल्पाने बिहार सरकारच्या समाजकल्याण विभागासाठी राज्यातील निवासी संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण केले. २०१८ मध्ये सादर झालेल्या या अहवालात १७ संस्थांमधील परिस्थितीबाबत गंभीर चिंता व्यक्त करण्यात आली होती. त्यात मुजफ्फरपूर येथील एका स्वयंसेवी संस्थेने चालविलेल्या बालिकागृहाचा समावेश होता. वैद्यकीय तपासणीत तीसहून अधिक मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे स्पष्ट झाले. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये खटला दिल्लीतील साकेत न्यायालयात वर्ग केला. २० जानेवारी २०२० रोजी १९ आरोपी दोषी ठरले. प्रमुख आरोपीस पुढील महिन्यात उर्वरित आयुष्यभरासाठी कारावासाची शिक्षा झाली.

दोषी ठरलेल्यांमध्ये जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचे माजी अध्यक्ष व एक सदस्य, तसेच जिल्हा बाल संरक्षण कक्षातील अधिकारी होते.

ही बाब पुनर्रचनेच्या संपूर्ण चर्चेत मध्यवर्ती आहे. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनुसार प्रत्येक संस्थेत मुलांसाठी सूचनापेटी असावी लागते. ती कार्यालयापासून दूर व मुलांच्या राहत्या जागेजवळ लावावी आणि तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी, असे नियम सांगतो. या समितीचे अध्यक्षपद जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याकडे असते. संस्थाचालकाच्या हाती तक्रार पडू नये, हा नियमामागील हेतू योग्यच होता. तथापि, ज्या कक्षाकडे किल्ली सोपवायची, त्याच कक्षातील अधिकारी आणि ज्या समितीपुढे मुलीने न्याय मागायचा, तिचेच अध्यक्ष आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, तर पेटीत चिठ्ठी टाकून काय साधणार? त्यापूर्वीच्या नियमित तपासण्यांमधून या प्रकाराची वाच्यता झाली नव्हती. जिल्ह्याच्या यंत्रणेशी हितसंबंध नसलेल्या बाहेरच्या अभ्यासकांनी मुलींशी संवाद साधल्यानंतर तो समोर आला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेशातील देवरिया येथील संस्थेचे प्रकरण पुढे आले. त्या संस्थेची मान्यता आधीच रद्द झालेली होती, तरीही तेथे मुलींना ठेवले जात होते. मान्यता काढून घेणारा विभाग आणि मुलींना संस्थेत पोहोचविणारी यंत्रणा यांच्यात समन्वय नसल्याचे यातून दिसून आले.

संस्थांची व्याप्ती किती, याचे उत्तरही सरकारला उशिराच मिळाले. केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाच्या समितीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशभरातील ९,५८९ संस्थांची नोंद असून त्यांत सुमारे पावणेचार लाख मुले राहत असल्याचे म्हटले होते. पाहणीच्या वेळी बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणी झालेल्या संस्थांचे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश होते. यानंतर राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने सात हजारांहून अधिक संस्थांचे लेखापरीक्षण केले. नोंदणी नसणे, अपुरी शौचालये, पिण्याच्या पाण्याची गैरसोय असे त्यातील निष्कर्ष दुरुस्ती विधेयकाच्या समर्थनार्थ मांडण्यात आले.

सर्वोच्च न्यायालयाने या आधीच दोन निर्णयांद्वारे राज्यांना जागे करण्याचा प्रयत्न केला होता. तामिळनाडूतील अनाथालयांमधील शोषणाच्या वृत्तावरून २००७ मध्ये सुरू झालेल्या प्रकरणात ५ मे २०१७ रोजी निकाल देताना न्यायालयाने सर्व संस्थांची नोंदणी वर्षअखेरपर्यंत पूर्ण करण्यास सांगितले. संपूर्णा बेहुरा यांच्या २००५ च्या याचिकेवर ९ फेब्रुवारी २०१८ रोजी, म्हणजे तेरा वर्षांनी, निकाल लागला. मंडळे व समित्यांमधील रिक्त पदे भरावीत, सामाजिक लेखापरीक्षण व्हावे आणि उच्च न्यायालयांनी या विषयाची स्वतःहून दखल घ्यावी, असे त्यात नमूद करण्यात आले. ज्या मुलांच्या नावे ही याचिका दाखल झाली, ती निकालाच्या वेळी प्रौढ झालेली होती.

जिल्हाधिकाऱ्यांना काय मिळाले?

दुरुस्ती विधेयक लोकसभेने २४ मार्च २०२१ रोजी आणि राज्यसभेने २८ जुलै २०२१ रोजी संमत केले. जिल्हा दंडाधिकारी या संज्ञेत अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांचाही समावेश करण्यात आला. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आता त्यांच्या पर्यवेक्षणाखाली काम करतो. संस्थेच्या नोंदणीचा निर्णय राज्य सरकारचाच असला, तरी तो जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या शिफारशी विचारात घेऊन करावा लागतो. बाल कल्याण समितीने आपला अहवाल त्यांना सादर करावयाचा असून दर तीन महिन्यांनी ते तिच्या कामाचा आढावा घेतात. समितीविरुद्धची तक्रारही त्यांच्याकडेच करता येते.

समितीच्या सदस्यत्वाचे निकषही कडक झाले. मानवी हक्कांच्या उल्लंघनाची पूर्वनोंद असलेली, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली, शासकीय सेवेतून बडतर्फ झालेली किंवा जिल्ह्यातील एखाद्या बालसंस्थेच्या व्यवस्थापनात असलेली व्यक्ती समितीवर नेमता येत नाही. यातील शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. मूल कोणत्या संस्थेत पाठवायचे हे समिती ठरवते. मुलांच्या संख्येवर संस्थेचे अनुदान अवलंबून असते. संस्थाचालकच समितीवर बसल्यास त्याचा परिणाम काय होईल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

बाल न्याय मंडळाच्या बाबतीत जिल्हाधिकाऱ्यांचा अधिकार मर्यादित आहे. मंडळाचे अध्यक्ष न्यायिक अधिकारी असल्याने प्रलंबित प्रकरणांचा आढावा मुख्य न्यायदंडाधिकारी घेतात. जिल्हाधिकारी केवळ माहिती मागवू शकतात. मंडळातील दोन समाजसेवी सदस्यांची नेमणूक व सेवासमाप्ती राज्य सरकारच्या हाती असते. याचा प्रत्यय पुण्यात आला. मे २०२४ मध्ये भरधाव मोटारीच्या धडकेत दोघांचा मृत्यू झाल्याच्या प्रकरणी अल्पवयीन मुलास तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मंजूर झाल्याने देशभर संताप व्यक्त झाला. राज्याच्या महिला व बाल विकास विभागाने चौकशी करून ऑक्टोबर २०२४ मध्ये मंडळाच्या दोन अशासकीय सदस्यांची सेवा समाप्त केली. एकाच मंडळातील तीन सदस्य दोन भिन्न यंत्रणांना उत्तरदायी असल्याचे सर्वसामान्य नागरिकाला बहुधा त्या वेळी प्रथमच उमगले.

दत्तकविधानाबाबतचा बदल सर्वाधिक चर्चिला गेला. पूर्वी दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालय देत असे. जुलै २०१८ मध्ये देशातील विविध न्यायालयांत ६२९ दत्तक प्रकरणे प्रलंबित असल्याची आकडेवारी देऊन हे अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आले. त्यांच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. शिशुगृहातील तान्ह्या बाळासाठी न्यायालयाची तारीख सहा महिने पुढे जाणे म्हणजे आयुष्यातील मोठा कालखंड वाया जाणे होय, हे समर्थकांचे म्हणणे नाकारण्याजोगे नाही. दुसऱ्या बाजूस, मुलाची कायदेशीर ओळख, वारसाहक्क आणि कुटुंब कायमचे बदलणारा आदेश महसुली अधिकाऱ्याने द्यावा काय, असा आक्षेप विधिज्ञांनी घेतला. न्यायालयांत सुनावणी सुरू असलेली प्रकरणेही वर्ग करण्याच्या हालचाली सुरू होताच, अंतिम टप्प्यावर आलेल्या पालकांची चिंता वाढली. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अशा प्रलंबित प्रकरणांच्या हस्तांतरणास अंतरिम स्थगिती दिली.

आक्षेप आणि अडचणी

या दुरुस्तीतील एक तरतूद देखरेखीच्या उद्देशाशी विसंगत असल्याचे बालहक्क क्षेत्रातील कार्यकर्त्यांचे मत आहे. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेस पात्र असलेले या अधिनियमाखालील गुन्हे अदखलपात्र करण्यात आले. मुलांची विक्री, मुलांना भीक मागण्यास लावणे, संस्थेतील कर्मचाऱ्याने केलेली क्रूर वागणूक हे गुन्हे या वर्गात मोडतात. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येत नाही. मूल स्वतः न्यायालयात जाऊ शकत नाही आणि मारहाण करणारा कर्मचारी हाच अनेकदा त्याचा ताबेदार असतो. दिल्ली बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२२ मध्ये या तरतुदीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

दुसरा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यभाराचा आहे. महसूल, कायदा व सुव्यवस्था, निवडणुका, आपत्ती व्यवस्थापन आणि असंख्य योजनांच्या समित्यांचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला बालगृहासाठी किती वेळ देता येईल? समर्थकांचा युक्तिवाद असा की, पोलीस, आरोग्य आणि शिक्षण या तिन्ही विभागांना एका आदेशाने हलवू शकणारा जिल्ह्यात दुसरा कोणी नाही. कोविड साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या केंद्रीय योजनेतही जिल्हाधिकाऱ्यांनाच पालकत्वाची भूमिका देण्यात आली होती आणि कागदपत्रे, बँक खाती, शाळाप्रवेश ही कामे त्यामुळे एका ठिकाणी मार्गी लागू शकली. तथापि, काही महिन्यांची मोहीम आणि वर्षानुवर्षे दर तिमाहीस करावयाची तपासणी यांत फरक आहे. कायद्यानुसार तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक संस्थेस भेट द्यावी लागते आणि पथकात एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असणे अनिवार्य आहे. ज्या जिल्ह्यांत वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदेच रिक्त असतात, तेथे हे पथक जमविणे ही पहिली अडचण ठरते.

बाल कल्याण समितीस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या खंडपीठासमान अधिकार आहेत. प्रशासकीय अधिकाऱ्याने अर्धन्यायिक मंडळाच्या कामाचा आढावा घेताना प्रलंबित प्रकरणांची संख्या पाहणे वेगळे आणि एखाद्या मुलाविषयीच्या आदेशाची चिकित्सा करणे वेगळे. ही सीमारेषा व्यवहारात जिल्ह्यागणिक वेगवेगळी आखली जाण्याची शक्यता आहे.

निधीच्या बाजूने जुन्या योजनेचे ‘मिशन वात्सल्य’मध्ये रूपांतर झाले असून त्याच्या मार्गदर्शक सूचना जुलै २०२२ मध्ये जारी झाल्या. खर्चाचे प्रमाण केंद्र व राज्य यांच्यात ६०:४० असे असून ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी ते ९०:१० आहे. मुलांना संस्थेत न ठेवता कुटुंबातच आधार मिळावा, यासाठी दरमहा चार हजार रुपयांच्या प्रायोजकत्वाची त्यात तरतूद आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झालेली १०९८ ही मदतवाहिनीही २०२३ मध्ये राज्य सरकारांकडे सोपविण्यात आली आणि तिची जोडणी ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी करण्यात आली. स्वयंसेवी संस्थांनी उभारलेली आणखी एक व्यवस्था अशा प्रकारे शासकीय चौकटीत आली.

बाल न्याय मंडळांची स्थिती मात्र या पुनर्रचनेने फारशी बदललेली दिसत नाही. चौकशी चार महिन्यांत पूर्ण करावी, असे कायदा सांगतो. इंडिया जस्टिस रिपोर्टने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ३६२ मंडळांसमोरील प्रकरणांपैकी ५५ टक्के प्रकरणे ३१ ऑक्टोबर २०२३ अखेर प्रलंबित होती आणि सुमारे एक चतुर्थांश मंडळे पूर्ण सदस्यसंख्येविना काम करीत होती.